निरोप सांभाळणारे यंत्र

आपण अशी कल्पना करू. संगमनेर तालुक्यातील एक गाव. रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. पंपाला वीज रात्रीची असल्यामुळे दोघे-तिघे शेतकरी बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघाले आहेत. तेवढ्यात गावाच्या दुसऱ्या टोकाला एका बाईला उसातून बाहेर पडणारा बिबट्या दिसतो. ही बातमी बांधावर निघालेल्या माणसांना चार-पाच मिनिटांत कळली पाहिजे. ती कशी कळवायची?

प्रसंग कल्पनेतला असला, तरी प्रश्न खरा आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्याच्या, अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची मोजणी केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आढळले, आणि तेही जंगलात नव्हे तर माणसांनी गजबजलेल्या शेतीच्या मुलखात. तेव्हा वेळेवर पोहोचलेला निरोप ही आपल्या भागात सोय नाही, गरज आहे.

आपल्या आजोबांच्या काळी गावाला निरोप पोहोचवण्याचे साधन म्हणजे दवंडी. हलगी वाजवायची, लोक गोळा झाले की मोठ्याने मजकूर सांगायचा आणि पुढच्या चौकात जायचे. दवंडीची अडचण ध्वनीच्या वेगाची नव्हती. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. एक किलोमीटर अंतर कापायला त्याला तीन सेकंदही लागत नाहीत. अडचण होती ती तीव्रतेची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथाई होते, दसपट झाले की शतांश होते. म्हणून दवंडीवाल्याला आवाज पाठवता येत नसे. स्वतःलाच आवाजाबरोबर चालत जावे लागे.

आज नाशिक, पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांतील अनेक गावांत ‘ग्रामसुरक्षा यंत्रणा’ नावाची सोय आहे. गावकऱ्यांचे मोबाइल क्रमांक तिच्यात आधी नोंदवलेले असतात. संकटाच्या वेळी नोंदणी केलेल्या माणसाने एका टोल-फ्री क्रमांकावर फोन करायचा आणि काय घडले ते आपल्या आवाजात सांगायचे. थोड्याच वेळात गावातील इतर फोन वाजू लागतात आणि उचलणाऱ्याला तोच आवाज, त्याच शब्दांत ऐकू येतो. चोरी, दरोडा, आग, पूर, हरवलेले मूल, बिबट्या, अशा सर्व प्रसंगी तिचा उपयोग करता येतो.

या सोयीचे मूळ मोबाइलवरील एका जुन्या सेवेत आहे. ती सेवा म्हणजे व्हॉइसमेल, अर्थात आवाजाची टपालपेटी. दोन्हींचे तत्त्व एकच : आवाज आधी साठवायचा आणि मग पाहिजे तेव्हा, पाहिजे त्याला ऐकवायचा. हे कसे साधते ते आता पाहू.

फोन बंद, तरी निरोप पोहोचला

समजा, तुमचे मामा भंडारदऱ्याच्या बाजूला कामासाठी गेले आहेत. मोबाइलसाठी वापरल्या जाणाऱ्या ९०० मेगाहर्ट्झच्या रेडिओतरंगांची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. एवढ्या आखूड लहरींना डोंगराला वळसा घालून पलीकडे उतरणे फारसे जमत नाही. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या परिसरात अशा रेडिओ-सावल्या जागोजागी आहेत. मामांचा फोन अशाच एका सावलीत आहे. तुम्ही क्रमांक फिरवला तर काय होते?

चालू असलेला प्रत्येक मोबाइल आपला ठावठिकाणा अधूनमधून जवळच्या मनोऱ्याला कळवत असतो. ही नोंद मोबाइल कंपनीच्या संगणकात राहते. तुमचा कॉल आला की केंद्र ती नोंद पाहून त्या भागात मामांच्या फोनला साद घालते. ओ आली नाही, फोन व्यस्त असला किंवा ठरावीक सेकंदांत कोणी उचलला नाही, तर केंद्र तो कॉल दुसऱ्या क्रमांकाकडे वळवते. व्हॉइसमेल चालू असेल तर हा दुसरा क्रमांक म्हणजे कंपनीचा निरोप साठवणारा संगणक. तो म्हणतो, “आपला निरोप ठेवा,” मग एक टूं असा सूर येतो आणि तुम्ही बोलता.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. तुमचा आवाज मामांच्या फोनमध्ये साठवलेला नाही. तो फोन तर तुमच्या बोलण्याशी जोडलेलाच नव्हता. आवाज आहे तो कंपनीच्या संगणकात. म्हणून मामांचा फोन बंद पडला, पाण्यात पडला, हरवला, तरी निरोप सुखरूप राहतो. मामा डोंगराच्या सावलीतून बाहेर आले की त्यांच्या फोनवर ‘निरोप आला आहे’ अशी लहानशी खूण येते. मग त्यांनी ठरलेला क्रमांक फिरवून निरोप ऐकायचा असतो. हा झाला ‘निरोप तपासणे’.

व्हॉइसमेलमध्ये माणूस निरोपाकडे जातो. ग्रामसुरक्षेसारख्या यंत्रणेत निरोप माणसाकडे येतो. फरक एवढाच.

कल्पना जुनी, साधन नवे

डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पौल्सेन या अभियंत्याने १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकाच्या साहाय्याने आवाज उमटवणारे ‘टेलिग्राफोन’ हे यंत्र तयार केले. फोनवरचे बोलणे मालकाच्या गैरहजेरीत टिपून ठेवावे, हा त्याचा एक हेतू होता. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रांझ योसेफ त्या यंत्रासमोर बोलले. ते ध्वनिमुद्रण आजही जपलेले आहे.

पण तारेवर किंवा फितीवर मुद्रण करणारे यंत्र एकेका फोनला जोडावे लागे. हजारो लोकांचे निरोप एकाच ठिकाणी संगणकात साठवायचे तर आवाजाचे आकडे व्हायला हवे होते. अमेरिकेत गॉर्डन मॅथ्यूज यांनी अशा पद्धतीच्या पेटंटसाठी १९७९ मध्ये अर्ज केला आणि १९८३ मध्ये त्यांना ते मिळाले.

आवाजाचे आकडे

आवाजाचे आकडे कसे करतात? तापाने फणफणलेल्या रोग्याचे उदाहरण घेऊ. परिचारिका दर चार तासांनी ताप मोजते, तक्त्यावर ठिपका देते आणि ठिपके जोडून आलेख काढते. डॉक्टरांना रोग्याजवळ रात्रभर बसावे लागत नाही. आलेख पाहून त्यांना सारे कळते. मात्र ताप दोन तासांत चढून उतरला, तर तो या आलेखात सापडणार नाही. म्हणजे जे जितके भरभर बदलते, ते तितक्या वेळा मोजले पाहिजे.

आवाजाचेही तसेच. मायक्रोफोन हवेच्या कंपनांचे रूपांतर विद्युत्दाबात करतो. हा दाब सतत वरखाली होत असतो. टेलिफोनवर परंपरेने ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच वारंवारता पाठवतात. नियम असा आहे की, सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घेतले तर मूळ लहर पुन्हा उभी करता येते. ३,४०० ची दुप्पट ६,८००. थोडी सवड ठेवून टेलिफोनमध्ये सेकंदाला ८,००० मोजमापे घेतात. प्रत्येक मोजमाप २५६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवतात. २५६ पायऱ्या दाखवायला शून्य किंवा एक अशा आठ अंकांची, म्हणजे आठ बिटांची, गरज असते. म्हणून

८,००० × ८ = ६४,००० बिट दर सेकंदाला.

२० सेकंदांच्या निरोपाचे झाले १२,८०,००० बिट. एक बाइट म्हणजे आठ बिट. म्हणजे हा निरोप १,६०,००० बाइटांचा झाला.

तारेवर हे चालून जाते. पण आकाशातील रेडिओपट्टे मोजके आणि फोन असंख्य. म्हणून मोबाइलसाठी वेगळी युक्ती काढावी लागली. माणसाचा आवाज कसाही, कुठूनही येत नाही. स्वरतंतू कंप पावतात आणि घसा, जीभ व ओठ त्या कंपनांना आकार देतात. हा आकार एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात फारसा बदलत नाही. तेव्हा सगळी मोजमापे पाठवण्याऐवजी ‘या २० मिलिसेकंदांत घशाची नळी साधारण अशी होती आणि तिच्यात असा ध्वनी सोडा’ एवढे वर्णन पाठवले तरी पुरते. जीएसएम पद्धतीच्या मूळ मोबाइलमध्ये हे वर्णन दर २० मिलिसेकंदांना २६० बिटांचे असे. म्हणजे सेकंदाला १३,००० बिट. जवळजवळ एक पंचमांश. आपला २० सेकंदांचा निरोप आता ३२,५०० बाइटांत मावतो.

या काटकसरीची किंमतही आहे. हे वर्णन माणसाच्या घशासाठी बनवलेले आहे. ढोलकीची थाप किंवा बासरीचा सूर अशा फोनवरून बेसूर ऐकू येतो, याचे कारण हेच. ‘स’ या व्यंजनाची बरीचशी ऊर्जा ३,४०० हर्ट्झच्या वर असते. ती कापली गेल्यामुळे फोनवर ‘स’ आणि ‘फ’ यांत गफलत होते. नव्या पद्धतीच्या फोनवर सुमारे ७,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो, त्यामुळे हा दोष कमी झाला आहे. पण दोन्ही टोकांचे फोन आणि मधली यंत्रणा तशी असेल तरच. म्हणून संकटाचा निरोप देताना वस्तीचे नाव सावकाश आणि दोनदा सांगावे. यामागे नुसता शिष्टाचार नाही, पदार्थविज्ञान आहे.

कानगोष्टी आणि आकडे

आवाजाचे आकडे करण्याचा खटाटोप कशासाठी? कानगोष्टींचा खेळ तुम्ही खेळला असाल. पहिल्याने दुसऱ्याच्या कानात सांगितलेले वाक्य दहाव्याकडे पोहोचेपर्यंत ओळखू येत नाही. ‘मळ्यात बिबट्या दिसला’ याचे ‘मळ्यात बिबट्याने माणूस धरला’ व्हायला फार माणसे लागत नाहीत. प्रत्येक टप्प्यावर थोडी चूक मिसळते आणि पुढचा माणूस ती चूक खरी धरून पुढे सांगतो.

फितीवरून फितीवर आवाज उतरवताना असेच होते. प्रत्येक प्रतीत थोडी खरखर वाढते. आकड्यांचे तसे होत नाही. समजा, शून्यासाठी ० व्होल्ट आणि एकासाठी ५ व्होल्ट असे ठरवले आहे. वाटेत गोंगाट मिसळून ५ चे ४.३ झाले आणि ० चे ०.६ झाले. घेणारे यंत्र अडीच व्होल्टच्या वर असेल त्याला ‘एक’ आणि खाली असेल त्याला ‘शून्य’ समजते, आणि पुढे पाठवताना पुन्हा चोख ५ आणि ० व्होल्ट पाठवते. गोंगाट तेथेच गाळला जातो. फारच गोंगाट असेल तर चूक होऊ शकते. त्यासाठी मूळ आकड्यांबरोबर पडताळ्याचे काही जादा आकडे पाठवतात. अशा रीतीने साठवलेल्या निरोपाची हजारावी प्रतही पहिल्या प्रतीइतकीच चोख निघते. त्या बाईने जे सांगितले, तेच आणि तेवढेच सर्वांना ऐकू येते. घाबरलेल्या गावाला याचे मोल फार.

बाराशे फोन, किती वेळ?

आता वेळेचा हिशेब करू. गावात १,२०० फोन आहेत असे धरा. प्रत्येकाला निरोप सांगायला अर्धा मिनिट लागतो. एकाच माणसाने एकामागून एक फोन केले तर लागतील ६०० मिनिटे, म्हणजे दहा तास! बिबट्या तोवर दुसऱ्या तालुक्यात जाईल.

यंत्राने एकाच वेळी सर्वांना फोन लावला तर? यंत्राला ते जमेलही, पण गावच्या मनोऱ्याला जमणार नाही. जीएसएम पद्धतीत एका वाहक लहरीवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात. त्या लहरीचा वेळ आठ तुकड्यांत वाटलेला असतो. मनोऱ्याच्या तीन दिशांना प्रत्येकी चार वाहक लहरी असल्या, तर होतात ३ × ४ × ८ = ९६ जागा. त्यांतील काही मनोऱ्याच्या स्वतःच्या कामासाठी राखीव असतात. उरल्या साधारण ९०. मग १,२०० फोनांना चौदा फेऱ्या लागतील, म्हणजे सात मिनिटे. गावात दोन-तीन कंपन्यांचे मनोरे असतील किंवा नव्या पद्धतीची यंत्रणा असेल तर वेळ आणखी कमी होईल. तरीही ध्यानात घ्या, अडचण निरोप साठवण्यात नाही. गावाच्या वेशीवरच्या मनोऱ्यात आहे. अशा वेळी ‘खरंच बिबट्या आलाय का?’ हे विचारायला सर्वांनी एकमेकांना फोन लावले, तर त्याच जागा अडतात आणि निरोपाला वाट मिळत नाही.

बटण दाबले की काय होते?

आता मामांकडे वळू. ते निरोप तपासायला बसले आहेत. यंत्र सांगते, “निरोप ऐकण्यासाठी एक दाबा.” दूरच्या यंत्राला बटण कसे कळते? प्रत्येक बटणासाठी दोन सूर ठरलेले आहेत. बटणांच्या चार आडव्या ओळींना ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ. तीन उभ्या रांगांना १,२०९, १,३३६ आणि १,४७७ हर्ट्झ. पाच हे बटण दुसऱ्या ओळीत आणि मधल्या रांगेत आहे, म्हणून पाच म्हणजे ७७० आणि १,३३६ हे सूर एकदम. बोलताना चुकून एखादा सूर निघू शकेल. पण ठरलेले दोन सूर एकाच वेळी, सारख्याच जोराने निघणे कठीण. म्हणून जोडी. हे आकडेही असे निवडले आहेत की कोणताही एक दुसऱ्याच्या नेमक्या पटीत नाही. जीएसएम मोबाइलमध्ये तर हे सूर हवेतून जातच नाहीत. घशाचे वर्णन करणाऱ्या त्या युक्तीत ते बिघडतील, म्हणून फोन फक्त ‘पाच दाबले’ असा इशारा पाठवतो आणि सूर पुढे केंद्रात तयार होतात.

निरोप ऐकण्यापूर्वी यंत्र गुप्त क्रमांकही विचारू शकते. चार अंकी गुप्त क्रमांक १०,००० होतात. एका प्रयत्नाला पाच सेकंद धरले तर सर्व क्रमांक तपासायला ५०,००० सेकंद, म्हणजे जेमतेम चौदा तास लागतील. म्हणूनच चांगले यंत्र तीन-चार चुकांनंतर दार बंद करते. पण कुलूपच लावले नाही तर? ब्रिटनमध्ये अनेकांनी कंपनीने दिलेला सुरुवातीचा गुप्त क्रमांक बदललाच नव्हता. त्याचा फायदा घेऊन काही बातमीदारांनी लोकांचे खासगी निरोप चोरून ऐकले. हे प्रकरण उघड झाल्यावर ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे १८४३ पासूनचे वृत्तपत्र जुलै २०११ मध्ये बंद करावे लागले. तेथे विज्ञान कमी पडले नाही. सवय कमी पडली.

आपल्याकडे व्हॉइसमेल फारसे रुजले नाही. निरोप ऐकायला पुन्हा पैसे मोजावे लागत, आणि आपल्या लोकांनी त्याहून स्वस्त युक्ती काढली होती : मिस्ड कॉल. ‘पोहोचलो की एक रिंग देतो’ असे आधी ठरले असेल, तर रिंग वाजली म्हणजे ‘हो’ आणि न वाजली म्हणजे ‘अजून नाही’. हा एका बिटाचा निरोप, आणि तोही फुकट! पण ‘बिबट्या कोणत्या मळ्यात आहे?’ हे एका बिटात सांगता येत नाही. तेथे माणसाचा आवाजच लागतो. म्हणून व्हॉइसमेलचे तत्त्व आपल्या खेड्यांत वेगळ्या रूपाने परत आले.

एक गोष्ट मात्र यंत्र करू शकत नाही. दिलेला निरोप खरा की खोटा, हे त्याला कळत नाही. खोटा निरोपही ते तितक्याच चोखपणे बाराशे कानांत पोहोचवेल. दोनदा खोटी हाकाटी झाली की तिसऱ्या वेळी लोक फोन उचलणार नाहीत, आणि नेमका तेव्हाच उसात खरोखर बिबट्या असेल. दवंडी देणाऱ्याला सारे गाव ओळखत असे. त्याच्या शब्दाला तो बांधलेला असे. आता ती जबाबदारी फोन करणाऱ्या प्रत्येकावर आली आहे.

करून पाहा

१. वर्गातील दहा जणांना ओळीत बसवा. ‘वडाच्या मळ्यामागे ओढ्याकाठी बिबट्या दिसला, दोन शेळ्या सापडत नाहीत, उत्तरेच्या रस्त्याने जाऊ नका’ हा निरोप कानगोष्टीने पुढे पाठवा. दहाव्याकडे काय पोहोचले ते फळ्यावर लिहा. ठिकाण, संख्या आणि दिशा यांपैकी आधी काय बिघडले?

२. शिक्षकांच्या मदतीने दोन मोबाइल घ्या. पहिल्यावर तोच निरोप मुद्रित करा. तो वाजवून दुसऱ्यावर टिपा. दुसऱ्यावरचा वाजवून पुन्हा पहिल्यावर टिपा. असे पाच-सहा वेळा करा. नंतर मूळ मुद्रणाची नुसती प्रत या फोनवरून त्या फोनवर तितक्याच वेळा पाठवा. शेवटची दोन्ही मुद्रणे ऐकून फरक सांगा. दुसऱ्या वेळी बिघाड का झाला नाही? मात्र काही अ‍ॅप पाठवताना आवाज आणखी दाबून लहान करतात. तसे झाले तर काय ऐकू येईल, याचाही विचार करा.

३. आपल्या गावात किती फोन आहेत याचा अंदाज घ्या. एका वेळी ९० कॉल या हिशेबाने २० सेकंदांचा निरोप सर्वांपर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल ते काढा. फोन वाजून उचलेपर्यंतचा वेळ धरायला विसरू नका.